साठ अक्षरांत काका

नोएडा, ४ फेब्रुवारी २०२५

काकू, इथूनच वाकून नमस्कार.

अवधूतदादाचा मेसेज आज सकाळी बघितला. काका शनिवारपासून घरी नाहीत आणि मला मंगळवारी कळतंय. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही भलतंच ऐकता. म्हणून हे ईमेल. काकांना सांभाळायला तुमच्याकडे होतो तेव्हा टायपिंग तुम्हीच शिकवलंय, चुका असल्या तर लाल करून परत पाठवू नका.

दादाने काकांसाठी वेबसाइट केली ती उघडून पाहिली. फोटो चांगला आहे. पण काकू, तिचं शीर्षक बदलावं लागेल, आणि आजच. मी इथे दिवसभर तेच काम करून राहिलो, म्हणून सांगतो. गूगलवर काही शोधलं की निळ्या अक्षरांत एकेक ओळ येते ना, जिच्यावर आपण बोट ठेवतो, ती ओळ म्हणजे पानाचं शीर्षक. मी दिवसाला एकशेदहा लिहितो. गुडघ्याचा पट्टा, मुळव्याधीचं मलम, टक्कल, पाण्याची टाकी. नववी नापास माणसाला एवढं जमतं म्हणून साहेब खूश आहे. मी नाही. पण ते जाऊ द्या.

दादाच्या पानाचं शीर्षक असं आहे: ‘॥ श्री ॥ आमचे परमपूज्य तीर्थरूप श्री. गोपाळकृष्ण विष्णुपंत खळदकर यांच्यासंबंधी सर्व बंधुभगिनींना नम्र निवेदन’. मोबाइलवर जेमतेम साठेक अक्षरं दिसतात. म्हणजे लोकांना दिसतं ते ‘॥ श्री ॥ आमचे परमपूज्य तीर्थरूप श्री. गोपाळकृष्ण’ आणि पुढे तीन टिंबं. माणूस हरवलाय हे कुठेच नाही. मला तर तेराव्याचं निमंत्रण वाटलं. माफ करा, पण वाटलं. वर फोटोचं पान, माहितीचं पान, फोन नंबरचं पान, तिन्हींना तेच शीर्षक. तिन्ही एकमेकांच्या मागे लपून बसतात.

दादाकडून आतला पासवर्ड घेतलाय. तुम्ही हो म्हणा, मी बदलतो.

तेजस


पुणे, ५ फेब्रुवारी

चि. तेजस,

तुझं ईमेल मिळालं. चुका अकरा आहेत. लाल केल्या नाहीत.

तो मजकूर अवधूतचा नाही, माझा आहे. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत मराठी टंकलेखन केलं. मायना गाळलेला कागद साहेब तोंडावर फेकायचे. वडील माणसाचं नाव उघड्यावर टाकायचं तर आधी चार शब्द आदराचे नकोत का? ‘हरवले’ हा शब्द मला मुळातच आवडला नाही. छत्री हरवते. पण तू म्हणतोस त्याप्रमाणे मोबाइलवर बघितलं, आणि खरंच तीन टिंबं आहेत. तेव्हा लिही. ‘हरवले आहेत’ लिही, नाव लिही, पुणे लिही. त्यांच्या आजाराचं नाव मात्र वर घालायचं नाही. तो त्यांचा आणि आमचा प्रश्न आहे.

अवधूतने खराडीच्या ऑफिसातून रजा घेतली आहे. सकाळी ससूनला जातो, मग एकेका पोलीस चौकीत. त्याची तनया कॉलेजच्या मुलींना घेऊन चिठ्ठ्या चिकटवते आहे. शेजारचे आपटे येऊन बसतात आणि ‘येतील हो’ म्हणतात. आपट्यांना काय कळवून गेलेत?

मी घरीच असते. कोणीतरी घरी असायला हवं, ते आले तर.

कुसुम काकू


नोएडा, ७ फेब्रुवारी

काकू,

शीर्षक बदललं. ‘हरवले आहेत: गोपाळकृष्ण खळदकर, पुणे’. पानं किती लोकांनी उघडली ते इथून दिसतं. दोन दिवसांत बेचाळीस. आनंद होण्यासारखं काही नाही, कारण सगळे पुण्यातले आणि सगळ्यांनी शोधलं ते ‘खळदकर’. म्हणजे नातेवाईक. ते बातमी वाचायला येऊन राहिलेत.

आपण चुकतोय कुठे ते सांगतो. काका हरवले हे आपल्याला माहीत आहे. ज्याच्या समोर काका आत्ता बसले असतील त्याला ते माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की एक म्हातारा माणूस आहे, घर कुठे ते सांगता येत नाही. तो गूगलवर ‘खळदकर’ कशाला टाकेल? त्याला जे दिसलं, जे ऐकू आलं, ते टाकेल. एका हाडांच्या डॉक्टरचं पान आम्ही ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ म्हणून लिहिलं होतं, कुत्रं फिरकलं नाही. मग ‘जिना चढताना गुडघा दुखतो’ असं केलं, रांग लागली. शोधणाऱ्याच्या तोंडात जे शब्द असतात ते शीर्षकात लागतात, आपल्या तोंडातले नाही.

म्हणून विचारतो. काकांच्या अंगावर काय होतं? हातात काही होतं? आणि सगळ्यात मोठं: त्यांना कोणी नाव-गाव विचारलं तर ते हल्ली काय सांगतात? मी गेल्याला सात महिने झाले, आजार पुढे सरकला असेल.

नीट आठवून सांगा.

तेजस


पुणे, ८ फेब्रुवारी

तेजस,

पांढरा सदरा, करडी पँट, चॉकलेटी स्वेटर, कोपराला रफू. पायांत चपला, बूट नाहीत. कापडी पिशवी घेऊन गेले, त्यात काय होतं माहीत नाही. चष्मा घरीच राहिला.

नाव विचारलं तर नावच सांगतील. दुसरं काय सांगणार? बँकेत अधिकारी होते ते. आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी तू त्यांना फिरवायचास. काय बोलतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. माझ्याशी ते फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलायचे.

काल दुपारी फोन आला, कात्रज डेअरीजवळ एक गृहस्थ बसले आहेत, अगदी तुमच्या फोटोसारखे. अवधूत जेवता जेवता उठून गेला. दुसरेच कोणी होते. बिचारे मुलाची वाट बघत बसले होते. त्यांनीच अवधूतला पाणी दिलं.

आज आठवा दिवस. कणीक दोघांची भिजवते आहे. उरते.

कुसुम काकू


नोएडा, ९ फेब्रुवारी

काकू,

हे पत्र मी तीन वेळा लिहून खोडलं.

मागच्या वर्षी होळीच्या आधी एकदा मी तुम्हाला सांगितलं होतं की काका आणि मी सारसबागेत बसलो होतो म्हणून उशीर झाला. खोटं होतं ते. त्या दिवशी मला नव्या नोकरीसाठी फोन आला होता. मी टपरीमागे जाऊन बोलत होतो, पंधरा-वीस मिनिटं. परत आलो तर काका नाहीत. दीड तास धावलो. सापडले स्वारगेटला, करमाळ्याच्या गाडीच्या रांगेत. अगदी शांत उभे. मी म्हटलं, ‘‘काका, इथे कशाला?’’ तर म्हणाले, ‘‘घरी चाललोय. फार उशीर झाला रे.’’ कंडक्टर हसत होता. म्हणाला, ‘‘बाबा सांगवी-सांगवी करतायत, नाव विचारलं तर तिसरंच कायतरी सांगतात. तुझे कोण लागतात?’’ मी म्हटलं आजोबा. काय नाव सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांना घेऊन रिक्षात बसलो आणि आख्ख्या रस्त्यात मी फक्त हाच विचार करत होतो की तुम्हाला काय सांगायचं.

सांगितलं असतं तर तुम्ही मला काढलं असतं. आणि तीन महिन्यांनी मी आपणहून गेलोच. सहा नोकऱ्या सोडल्या मी, कुठे पाय ठरत नाही, त्याचं कधी काही वाटलं नाही. याचं वाटतं.

तुम्हाला तेव्हाच कळलं असतं तर दाराला वरची कडी लावली असती. हे मला माहीत आहे, तुम्ही लिहायची गरज नाही. फक्त एवढं सांगा, सांगवी म्हणून काही आहे का? तिथे काकांचं कोणी आहे का?

तेजस


पुणे, ११ फेब्रुवारी

तेजस,

तुझं पत्र वाचून संगणक बंद केला. आज उघडला.

तू केलंस ते वाईट केलंस. यापुढे त्यावर लिहायचं नाही, तूही आणि मीही. कारण माझ्याकडेही काही आहे, आणि ते तुझ्यापेक्षा जुनं आहे.

गाव टाकळसांगवी, करमाळ्याच्या पुढे. हे तिथल्या नरहर जोशींचे तिसरे चिरंजीव. आठव्या वर्षी खळदकरांकडे दत्तक आले. विष्णुपंतांना मूल नव्हतं, जोशांकडे पाच होती आणि खायला नव्हतं. होम झाला, नाव बदललं, आडनाव बदललं, गोपाळकृष्ण झाले. त्याआधीचं नाव ज्ञानदेव. वर्षाने नरहर जोशी मुलाला बघायला आले तर आमच्या आजेसासूबाईंनी दारातूनच गूळ-पाणी देऊन परत पाठवलं. हे माडीवरून बघत होते. त्यानंतर या घरात ते गाव आणि ते नाव कोणी उच्चारलं नाही. मला लग्नानंतर सासूबाईंनी एकदा सांगितलं, ते कधीही विचारू नकोस म्हणून सांगितलं. मी विचारलं नाही. चव्वेचाळीस वर्षं.

गेल्या वर्षभरात ते झोपेतून उठले की म्हणायचे, ‘‘ज्ञानदेवाला हाक मारतायत.’’ मी म्हणायचे, ‘‘कोणी मारत नाहीये, झोपा.’’

तू सातला विचारलंस ते हल्ली नाव काय सांगतात, तेव्हा मला कळलं होतं. तरी तुला ते बँकेचं लिहून पाठवलं. पोलिसांतही तेच सांगितलं. परवा रात्री जेवणं झाल्यावर अवधूतला सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाला, ‘‘आई, तू पोलिसांना का नाही सांगितलंस?’’ म्हटलं, ‘‘त्यांनी विचारलं नाही.’’ पुण्यात राहून अशी उत्तरं देण्याची सवय होते. पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली.

काल तो गाडी घेऊन टाकळसांगवीला गेला. जोशांचं तिथे आता कोणी नाही. पण चहाच्या दुकानात बापूराव म्हणून आहेत, ते म्हणाले, दोन तारखेला, रविवारी, एक म्हातारबा आले होते, नरहर जोशांचं घर कुठे म्हणून विचारत होते. घर नाही म्हटल्यावर बाकावर बसून राहिले. मग लोकांनी त्यांना चौफुलीवर नेऊन पुण्याची गाडी येईल, तीत बसा म्हणून सांगितलं. कोणत्या गाडीत बसले ते कोणी पाहिलं नाही.

म्हणजे ते पोचले होते रे. आणि तिथे कोणी नव्हतं.

आता लिही काय लिहायचं ते. ज्ञानदेव लिही. फक्त ‘दत्तक’ हा शब्द शीर्षकात नको. तेवढं ऐक.

कुसुम काकू


नोएडा, ११ फेब्रुवारी, दुपार

काकू,

लगेच केलं. जेवायच्या सुट्टीत बसून केलं, साहेबाला वाटलं पाण्याच्या टाकीचं चाललंय.

तीन पानांना तीन वेगळी शीर्षकं दिलीत. पहिलं: ‘ज्ञानदेव जोशी, टाकळसांगवी सांगणारे आजोबा, घर पुण्यात’. दुसरं: ‘चॉकलेटी स्वेटर, कापडी पिशवी, वृद्ध आजोबा सापडले असल्यास’. तिसरं पहिल्यासारखंच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मोबाइलवर लय लोक मराठी तसंच टाइप करतात. सगळ्यात कामाचे शब्द आधी ठेवलेत, कारण कात्री मागून लागते. बापूराव म्हणतात त्या चौफुलीवरून गाड्या बार्शीकडे, सोलापूरकडे, नगरकडे जातात, ती सगळी नावं पानाच्या आत घातलीत.

‘गोपाळकृष्ण खळदकर’ शीर्षकात नाही. ते आत आहे, तिसऱ्या ओळीत. उघडून पाहिलंत तर तुम्हाला बरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगतो. मलाही बरं वाटलं नाही. दोन वर्षं मी त्यांना खळदकर काका म्हणालो आणि ते ओ द्यायचे. किती वेळा नुसतं माझ्यासाठी देत असतील कोण जाणे.

दादाला सांगा, पोलिसांतही हे नाव द्यायचं. आणि थांबा थोडं. पान वर यायला तीन-चार दिवस लागतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही. मी दर तासाला बघतो.

‘दत्तक’ घातलं नाही. गरजही नव्हती. तो शब्द कोणी शोधणार नाही.

तेजस


पुणे, १८ फेब्रुवारी

चि. तेजस,

अवधूतने तुला निरोप दिलाच असेल. सापडले. घरी आहेत. आज जरा बसायला वेळ मिळाला म्हणून सविस्तर लिहिते.

बार्शीच्या बाहेर निराधारांसाठी एक आश्रम आहे. चालवणाऱ्या दुर्गाबाई म्हणून आहेत, माझ्याच वयाच्या. तीन तारखेला त्यांना एसटी स्टँडवर एका हवालदाराने बोलावून घेतलं आणि हे त्यांच्या स्वाधीन केले. वहीत नोंद ज्ञानदेव जोशी, गाव टाकळसांगवी. त्यांनी गावात फोन लावला, तिथल्या माणसाने सांगितलं, जोशांचं इथे कोणी नाही. संपलं. तिकडच्या पोलिसांकडे कागद ज्ञानदेवचा, इकडच्या पोलिसांकडे गोपाळकृष्णचा. दोन्ही कागद बरोबर. त्यांची भेट व्हायची तरी कशी?

दुर्गाबाईंची सून आम्रपाली. शनिवारी ती मोबाइल घेऊन यांच्या शेजारी बसली आणि हे जे बोलतील ते त्यात घालत गेली. पहिल्याच ओळीत तुझं शीर्षक. मला म्हणाली, ‘‘मावशी, मला वाटलं आजोबांनी स्वतःच लिहिलंय.’’

आम्ही रविवारी गेलो. व्हरांड्यात बसले होते, दाढी वाढलेली, स्वेटर धुतलेला. अवधूत जाऊन ‘बाबा’ म्हणाला. त्याच्याकडे पाहिलं आणि परत समोर बघायला लागले. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘‘अहो.’’ काही नाही. पुन्हा म्हटलं. दुर्गाबाई मागून म्हणाल्या, ‘‘नावानं हाक मारा ताई, नावाला ओ देतात.’’

मी कागदावर यांचं नाव हजार वेळा टाइप केलं असेल. रेशन कार्ड, बँक, अवधूतचे दाखले. तोंडाने कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा मी ‘यांचं’ म्हणून वेळ मारून नेली होती, नणंदा अजून चिडवतात. आणि आता घ्यायचं तर तेही नाही, दुसरंच. अवधूत बघतोय, आम्रपाली बघतेय. म्हटलं, ‘‘ज्ञानदेव.’’

लगेच वळले. म्हणाले, ‘‘आलीस? केव्हाचा बसलोय.’’

मी कोण वाटले त्यांना, ठाऊक नाही. आई असेन, बहीण असेन. गाडीत माझा हात धरून बसले ते स्वारगेट येईपर्यंत सोडला नाही. घरात पाहुण्यासारखे वागतात. पाणी मागताना ‘बाई’ म्हणतात. ज्ञानदेव म्हटलं की जेवतात, आंघोळीला उठतात. अवधूतला अजून जमत नाही. तनयाने पहिल्याच दिवशी ‘ज्ञानदेव आजोबा’ सुरू केलं, तिचं बरं आहे. आपट्यांनी विचारलं, हे ज्ञानदेव कोण? म्हटलं, आमच्याकडे राहतात.

मी तुझ्यावर रागावले होते. आहे अजून थोडी. पण त्या शीर्षकात चूक एकही नव्हती हे सांगायला हवं.

आता ते पान काढ. दिवसाला दहा-बारा फोन येतात. आज एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, तुमचे आजोबा आत्ता नागपुरात माझ्यासमोर उभे आहेत. हे माझ्यासमोर बसून पोहे खात होते. मी त्या गृहस्थांना म्हटलं, त्यांनाही काहीतरी खायला द्या, ते कोणाचे तरी असतील.

थकले आहे रे. तूही जेवत जा वेळेवर.

कुसुम काकू


नोएडा, १९ फेब्रुवारी

काकू,

तुमचं पत्र ऑफिसातच वाचलं. शेजारचा ज्ञानेंद्र विचारत होता, घरी कुणाला काही झालं का. म्हटलं, नाही, एक पान वर आलं.

इथे तसं सगळं तेच आहे. आज टाक्याच टाक्या. हजार लिटर, दोन हजार लिटर, गच्चीवरची, जमिनीखालची. मार्चमध्ये हे सोडीन म्हणत होतो, आता कुठे जायचं ते कळत नाही. येऊ का म्हणून विचारणार नाही. काका मला ओळखणार नाहीत हे एक, आणि मी पुन्हा टिकेन की नाही हे मलाच माहीत नाही, हे दुसरं. तुमच्यासारख्या माणसाला पुन्हा खोटं सांगायची माझी तयारी नाही.

नागपूरच्या त्या गृहस्थांचा नंबर असेल तर मला पाठवा. ते आजोबा कोणाचे आहेत बघू. आजोबा नाव काय सांगतात ते त्या गृहस्थांना विचारून ठेवा, बाकी मी करतो.

काकांची तिन्ही पानं आज सकाळी काढली. पण एक सांगायचं राहिलं. पान काढलं म्हणून शीर्षक लगेच जात नाही. गूगल आपल्या सवडीने येऊन बघतं, तोवर जुनंच दाखवत राहतं. आठ दिवस लागतील, पंधराही लागतील. तेवढे दिवस कोणी शोधलं तर काका हरवलेलेच दिसतील. मी लवकर काढायची विनंती टाकलीय, त्याच्या पुढे माझ्या हातात काही नाही.

तोवर फोन येत राहतील. चिडू नका. घरी आहेत म्हणून सांगा.

तेजस